शेवटच्या खोलीपर्यंत ऊब

विषय थंडीचा आहे; आरंभ मात्र कावेरीकाठच्या उकाड्यात करावा लागेल. कुंभकोणमच्या पश्चिमेस काही मैलांवर स्वामीमलै हे गाव आहे. पुत्राने पित्याला प्रणवाचा अर्थ सांगितला आणि साक्षात शिवाला शिष्य व्हावे लागले, अशी तेथील स्वामिनाथाची कथा. सरकारी कामासाठी तंजावरला गेलो असता या गावच्या स्थपतींची एक ओतशाळा पाहण्याचा योग आला. मेणाच्या मूर्तीवर नदीच्या गाळाच्या मऊ मातीचे लेप देतात. साचा वाळला की तापवून मेण वितळवून काढतात, आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. रस ओतण्याचे एक तोंड असते, आणि हवा निघून जाण्यासाठी वेगळ्या वाटा राखलेल्या असतात. "एवढ्याशा बोटांच्या टोकापर्यंत रस पोचतो कसा?" असे मी दुभाष्यामार्फत विचारले. वृद्ध स्थपती म्हणाले, "साचा गार नसावा, आणि हवेला वाट असावी." हे वाक्य मला इंग्लंडात उपयोगी पडेल, असे तेव्हा वाटले नव्हते.

माझी धाकटी बहीण यॉर्कशरमध्ये राहते. तिच्या जुन्या विटांच्या घराला मागील अंगास पूर्वीच्या मालकाने एक खोली जोडलेली आहे. आमच्या आईला जिना चढवत नाही, म्हणून ती तेथे गेली तेव्हा हीच खोली तिला निजण्यास दिली. मी जानेवारीत पोचलो, तेव्हा बैठकीच्या खोलीत तापमान २१ अंश होते आणि आईच्या खोलीत १३. आई शालीवर शाल घेऊन निजे, आणि विचारले तर "मला काही होत नाही रे" एवढेच म्हणे. एका कारागिराने अधिक मोठा बॉयलर बसवण्याचा सल्ला दिला होता. "दादा, एवढा खर्च करूनही खोली गारच राहिली तर?" या बहिणीच्या प्रश्नाने आमच्या शोधाला सुरुवात झाली.

त्या देशात घरे गरम ठेवण्याची रीत समजण्यास आपला तांब्याचा बंब आठवावा. बंबात निखाऱ्यांची ऊब पाणी घेते. तेथे बॉयलरमध्ये तापलेले पाणी पंपाच्या जोराने नळांतून खोलोखोली फिरते, भिंतीलगतच्या लोखंडी रेडिएटरमध्ये आपली ऊब सोडते आणि थंड होऊन परत तापण्यास येते. एक लिटर पाणी दहा अंशांनी निवले की सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता देते. म्हणजे खोलीला एक हजार वॉट उष्णता हवी असेल, तर दर मिनिटाला जवळजवळ दीड लिटर पाणी तेथून वाहिले पाहिजे. पाणी कितीही कढत असो. ते वाहिलेच नाही, तर ऊब येणार कोठून?

म्हणून पहिली परीक्षा हाताने करावी. नळ कढत असू शकतो, म्हणून स्पर्श अगदी सावधपणे करावा. रेडिएटरचा वरचा भाग गार आणि खालचा गरम असेल, तर आत हवा कोंडली आहे. खालचा मध्यभाग तेवढा गार असेल, तर बहुधा गंजाचा काळा गाळ साचला आहे. येणारा नळ गरम आणि जाणारा अगदी गार असेल, तर पाणी फार मंद वाहत आहे. दोन्ही नळ गरम असून खोली गारच असेल, तर दोष पाण्याचा नव्हे; रेडिएटर लहान आहे, किंवा खोली ऊब गमावत आहे.

आमच्या खोलीत हे दोष एकत्र नांदत होते. बॉयलर बंद करून, पाणी निवल्यावर, रेडिएटरच्या टोकावरील लहान झडप किल्लीने किंचित उघडली. फुस्स आवाज करीत हवा निघाली. पाणी दिसताच झडप मिटली आणि दाबमापक पाहून कमी झालेला दाब पुन्हा भरला. हवेला वाट मिळाली.

दुसरा दोष वाटणीचा. पाणी सोपी वाट धरते. बॉयलरजवळचे रेडिएटर पोटभर पितात आणि नळाच्या शेवटी मागाहून जोडलेल्या खोलीस उरलेसुरले मिळते. मोठा बॉयलर आणला तरी ही वाटणी बदलत नाही. उपाय असा, की जवळच्या रेडिएटरच्या परतीच्या झडपा थोड्या थोड्या मिटवाव्यात, शेवटची पूर्ण उघडी ठेवावी, आणि प्रत्येक बदलानंतर अर्धा तास थांबून पाहावे. येथे घाई कामाची नाही.

तिसरा दोष हुकमतीचा. बॉयलर चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट बैठकीच्या खोलीत होता. ती तापली की बॉयलर थांबे. मागची खोली कुडकुडतच राही. थर्मोस्टॅट आईच्या खोलीत नेला आणि इतर खोल्यांच्या रेडिएटरना आपोआप मिटणाऱ्या झडपा बसवल्या. ज्या खोलीची काळजी, तिलाच बॉयलरला हाक मारण्याचा अधिकार दिला.

परंतु सर्वांत मोठे काम साचा गार नसावा, याचे होते. खोलीच्या तीन भिंती उघड्यावर होत्या. नऊ इंची भरीव विटांच्या भिंतीतून, आतबाहेर एका अंशाचा फरक असता, दर चौरस मीटरमागे सुमारे दोन वॉट उष्णता निसटते. पंचवीस चौरस मीटर भिंत आणि वीस अंशांचा फरक धरला, तर केवळ भिंतींतून हजार वॉट जातात. चांगले उष्णतारोधक अस्तर लावले, की हाच आकडा दीडशेच्या आसपास येतो. छतावर जाड थर, दाराखिडक्यांच्या फटींना पट्ट्या आणि जमिनीखालील नळांना वेष्टन, हा याच कामाचा भाग. मात्र अस्तरामागे ओल धरणार नाही हे जाणकाराकडून पाहून घ्यावे, वायुवीजनाचे झरोके बुजवू नयेत, आणि बॉयलरच्या अंतरंगास नोंदणीकृत कारागिराखेरीज कोणी हात लावू नये.

लेहजवळच्या फे गावी सेकमोल संस्थेच्या मातीच्या इमारती याच तत्त्वावर उभ्या आहेत. दक्षिणेकडून आलेले ऊन जाड भिंती साठवतात आणि ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. आपल्याकडील अनेक मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त हिमालयात किंवा परदेशात राहतात. त्यांनी खर्चाचा क्रम ध्यानात ठेवावा : आधी गळती थांबवावी, मग प्रवाह सरळ करावा, आणि त्यानंतरही उणे पडले तरच अधिक इंधनाचा विचार करावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांविषयीच्या मार्गदर्शनात थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश तापमान असावे, असे सुचवले आहे. वृद्धांना व बालकांना त्याहून अधिक लागू शकते. हवा काढणे आणि झडपा जुळवणे दोन दिवसांत झाले, तेव्हा खोली १६ अंशांवर आली. अस्तराचे काम पुरे झाल्यावर बहिणीने कळवले, की काटा १९ वर स्थिर आहे. बॉयलर जुनाच आहे. पत्राच्या शेवटी आईच्या दोन ओळी होत्या : "आता एका शालीत भागते. दुसरी धुऊन ठेवली आहे. तू येशील तेव्हा घेऊन जा."