वाशिम जिल्ह्यातील सोयाबीन पिकाचे गंधक व्यवस्थापन

गंधक हे नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या खालोखाल महत्त्वाचे मानले जाणारे दुय्यम अन्नद्रव्य आहे. सोयाबीन, तूर, हरभरा यांसारख्या द्विदल पिकांना व तेलबियांना त्याची गरज तृणधान्यांपेक्षा अधिक असते. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या वाशिम जिल्ह्यात सोयाबीन हे खरिपाचे मुख्य पीक आहे. त्यात तुरीचे आंतरपीक आणि मागाहून रब्बीत हरभरा, असा क्रम येथे सर्रास आढळतो. त्यामुळे एकाच शेतातून वर्षानुवर्षे गंधकाची उचल होत राहते.

पिकातील कार्य

सिस्टीन व मेथिओनीन ही अमिनो आम्ले गंधकाशिवाय तयार होत नाहीत आणि ती नसल्यास प्रथिनांची जडणघडण अडते. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने व २० टक्के तेल असते, हे ध्यानात घेतल्यास गंधकाचे स्थान कळते. मुळांवरील गाठींमध्ये हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या विकरातही गंधक असते. म्हणूनच गंधकाची उणीव असलेल्या पिकात पुढे नत्राचीही उणीव जाणवू लागते.

कमतरता कशामुळे निर्माण होते

जमिनीतील बहुतांश गंधक सेंद्रिय पदार्थांत असते. जनावरे कमी झाल्याने शेणखत घटले. सोयाबीनचे कुटार शेतात न कुजवता जाळल्यास त्यातील बराचसा गंधक वायुरूपाने निघून जातो. पठारावरील हलक्या, उथळ जमिनींतून सल्फेट पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपते.

तथापि सर्वांत मोठे कारण खताच्या निवडीत आहे. विदर्भात सोयाबीनसाठी हेक्टरी ३० किलो नत्र व ७५ किलो स्फुरद ही मात्रा प्रचलित आहे. एकरी हिशेब केल्यास डीएपीच्या सुमारे ६५ किलोंत, म्हणजे दीड बॅगेहूनही कमी खतात, ही दोन्ही अन्नद्रव्ये मिळतात. वाहतूक सोपी आणि तिफणीवर पेरणेही सोपे. परंतु डीएपीत गंधक जवळजवळ नसतेच. तेवढेच स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्यावयाचे झाल्यास एकरी पावणेचार बॅगा आणि सोबत सुमारे २६ किलो युरिया लागतो. ओझे वाढते, मजुरी वाढते. मात्र सुपर फॉस्फेटमधील ११ टक्के गंधकामुळे एकरी सुमारे २० किलो गंधक वेगळा खर्च न करता जमिनीत पडते. सोयाबीनसाठी सर्वसाधारणपणे सुचविली जाणारी हेक्टरी २० ते ३० किलोंची गरज त्यातून भागून उरते. पेरणीच्या घाईत हा हिशेब बहुधा मागे पडतो.

लक्षणे व होणारी गल्लत

गंधक झाडात सहज स्थलांतरित होत नाही. त्यामुळे पिवळेपणा प्रथम कोवळ्या पानांवर दिसतो व शिरांसह संपूर्ण पान फिकट होते. नत्राच्या कमतरतेत जुनी पाने आधी पिवळी पडतात. चुनखडीयुक्त जमिनीत लोहाच्या कमतरतेनेही कोवळी पाने पिवळी होतात, पण शिरा हिरव्या राहतात. पिवळा मोझॅक हा तर विषाणुजन्य रोग असून त्यात पिवळे-हिरवे चट्टे अनियमित असतात. पिवळे पान दिसताच ओळख न पटविता केलेली फवारणी वाया जाते आणि तोपर्यंत फुलोरा येऊन ठेपतो.

गंधकाचे स्रोत

सिंगल सुपर फॉस्फेट, जिप्सम, अमोनियम सल्फेट (सुमारे २३ टक्के गंधक) आणि २०:२०:०:१३ या खतांतील गंधक सल्फेट स्वरूपात असल्याने पिकाला लगेच मिळते. बेंटोनाइट गंधकात ९० टक्के मूलद्रव्यी गंधक असते. थायोबॅसिलस गटातील जिवाणूंनी त्याचे सल्फेटमध्ये रूपांतर केल्यावरच मुळे ते शोषतात. त्यासाठी ओलावा व काही आठवड्यांचा अवधी लागतो. म्हणून ते पेरणीपूर्वी किंवा पेरणीवेळी मातीत मिसळावे लागते. उभ्या पिकात वरून फेकल्यास त्या हंगामात विशेष लाभ होत नाही. डीएपीच वापरावयाचे असल्यास एकरी ९ किलो बेंटोनाइट गंधकाची जोड पुरते. पाण्यात विरघळणारी ८० टक्क्यांची गंधक भुकटी हे मुख्यतः भुरीवरील बुरशीनाशक आहे. ती जमिनीतून द्यावयाच्या मात्रेला पर्याय ठरत नाही.

शेजारच्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात जिप्सम वापरले जाते, पण तेथे चोपण जमीन सुधारणे हा हेतू असतो आणि मात्राही कितीतरी मोठी असते.

माती परीक्षण

मातीतील उपलब्ध गंधक किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास जमीन साधारणतः कमतरतेची समजतात. नमुना रब्बीचे पीक निघाल्यावर, खत देण्यापूर्वी घेतात. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी १५ ते २० सेंटिमीटर खोल इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचे खड्डे करून माती गोळा करतात आणि चार भाग पाडत अर्धा किलो उरेपर्यंत कमी करतात. बांध, झाडाखालची जागा व उकिरडा वगळतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेतील बारा घटकांत गंधकाचा समावेश आहे. जिल्ह्यात रिसोड तालुक्यातील करडा येथे कृषी विज्ञान केंद्र असून विभागाचे कृषी संशोधन अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात चालते.