ओली खरखर, कोरडी खरखर

व्हॉल्व्हवर चालणाऱ्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये कायम टिकून राहणारा बिघाड मीटरला सापडतो, त्यामुळे तो शोधणे तुलनेने सोपे असते. खरी परीक्षा पाहते ती मधूनच उपटणारी आणि तपासायला घेताच गप्प बसणारी खरखर. ती ध्वनीला कृत्रिम निनाद देणाऱ्या, म्हणजे वादक ज्याला ‘रिव्हर्ब’ म्हणतात त्या परिपथात असेल, तर शोध अधिकच बिकट होतो, कारण सैल जोड हुडकण्यासाठी दुरुस्तीकार लाकडी काडीने एकेक भाग ठोठावून पाहतो आणि हा परिपथ तर कंपनांवरच चालत असल्याने त्याच्या आसपास कोठेही टिचकी मारली तरी स्प्रिंगा झणाणतात. म्हणून येथे काडी हाती घेण्यापूर्वी कानाचा उपयोग करावा लागतो.

मोठ्या दगडी सभागृहात उच्चारलेला स्वर भिंतींवरून वारंवार परावर्तित होऊन क्षणभर रेंगाळतो, त्याला निनाद म्हणतात. लॉरेन्स हॅमंड यांचे विद्युत ऑर्गन घरोघरी आणि छोट्या चर्चमध्ये पोहोचले तेव्हा तेथे हा रेंगाळणारा ध्वनी नव्हता, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी तारेच्या स्प्रिंगांतून ध्वनिसंकेत पाठवण्याची युक्ती योजली गेली. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९६१मध्ये गिटारसाठी स्वतंत्र रिव्हर्ब-पेटी आणली आणि १९६३च्या ‘व्हायब्रोव्हर्ब’मध्ये हीच योजना अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात बसवली, दक्षिण कॅलिफोर्नियातील सर्फ संगीताचा ओलसर, ठिबकणारा नाद याच स्प्रिंगांचा आहे.

त्या दशकातील ‘डिलक्स रिव्हर्ब’ किंवा ‘ट्विन रिव्हर्ब’ हा फेंडर अ‍ॅम्प्लिफायर डोळ्यांसमोर ठेवल्यास संकेताचा मार्ग स्पष्ट होतो. गिटारच्या संकेताचा एक वाटा १२एटी७ या व्हॉल्व्हकडे जातो, तो एका लहान ट्रान्सफॉर्मरमार्फत पत्र्याच्या उथळ पेटीतील कॉइल चालवतो, कॉइल स्प्रिंगांच्या टोकाशी असलेल्या चिमुकल्या चुंबकांना हलवते, आणि ही थरथर सुमारे ३० ते ४० मिलिसेकंदांनी दुसऱ्या टोकाला पोहोचून तेथील कॉइलमध्ये पुन्हा विद्युतसंकेत निर्माण करते. हा परतलेला संकेत अवघ्या काही मिलिव्होल्टांचा असतो, म्हणून १२एएक्स७ या व्हॉल्व्हचा एक ट्रायोड त्याला मोठा करतो. त्यानंतर रिव्हर्बची कळ लागते आणि तिच्या पुढे हा संकेत मूळ ध्वनीत मिसळतो.

स्प्रिंगांच्या अलीकडे उमटलेली खरखर स्प्रिंगांतून जाते आणि म्हणून तिच्यामागे निनादाचे शेपूट असते. पलीकडे उमटलेली खरखर कोरडी, तुटक ऐकू येते. गिटार न वाजवता केवळ लक्षपूर्वक ऐकले तरी अर्धा परिपथ संशयातून मुक्त होतो, आणि या सुंदर कसोटीला कोणतेही उपकरण लागत नाही. तिच्या जोडीला कळ शून्यावर आणावी. खरखर थांबली, तर तिचे मूळ कळीच्या आधी आहे. थांबली नाही, तर पुढे आहे. मात्र १२एएक्स७च्या एकाच काचेच्या नळीत दोन ट्रायोड असतात आणि या अ‍ॅम्प्लिफायरांत त्यांपैकी दुसरा नेमका मिश्रणानंतरचा टप्पा सांभाळतो, त्यामुळे कळ शून्यावर असतानाही उरणारी खरखर त्याच नळीतून येत असू शकते. म्हणून सर्वप्रथम ही नळी बदलून पाहणे शहाणपणाचे ठरते.

खरखर कोरडी असून कळीने थांबत असेल, तर पेटीकडून परतणारी केबल अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाशी काढून तेथे आतील तार आणि ग्राउंड एकत्र जोडलेला प्लग लावावा. शांतता पसरली, तर दोष केबलमध्ये किंवा पेटीत असतो, आणि बहुधा तो केशासारख्या बारीक तारेच्या सुटू पाहणाऱ्या डाखात किंवा प्लगच्या सैल झालेल्या बाहेरील कड्यात सापडतो. या अ‍ॅम्प्लिफायरांतील पेटीच्या आगमन-कॉइलचा संरोध, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा विरोध, ८ ओहम आणि निर्गम-कॉइलचा २,२५० ओहम सांगितला जातो. परंतु साधा मीटर एकदिश रोध मोजत असल्याने तो अनुक्रमे सुमारे ०.८ आणि २०० ओहम दाखवतो, आणि हे ठाऊक नसल्यामुळे धडधाकट पेट्याही टाकून दिल्या जातात. मीटर जोडून तार हळूच हलवताना आकडा उड्या मारू लागला, की चोर सापडला. आगमन-बाजूचा सैल जोड याहून वेगळा वागतो: ट्रान्सफॉर्मरच्या त्या बाजूला केवळ संकेत असतो, स्थिर प्रवाह नसतो, म्हणून तेथील दोष शांततेत बोलत नाही, वादन सुरू असताना निनाद तेवढा गळून पडतो.

प्लग लावूनही कोरडी खरखर उरली, तर व्हॉल्व्हची बैठक आणि त्याच्या धनाग्राला, म्हणजे प्लेटला वीज पुरवणारा १ लाख ओहमचा रेझिस्टर यांच्याकडे वळावे. जुने रेझिस्टर कार्बनच्या कणांचे असतात, कणाकणांतील संपर्क वयानुसार आणि उष्णतेने बिघडतो, आणि म्हणूनच ही खरखर अ‍ॅम्प्लिफायर चांगला तापल्यावर प्रकटते. त्या जागी धातूच्या पातळ थराचा रेझिस्टर बसवणे हा खात्रीचा उपाय आहे. कळ फिरवताना करकर होत असेल, तर कळीला दोष देण्याआधी तिच्यावर एकदिश दाब पोहोचतो का हे मोजावे, कारण तो अडवणारा कपॅसिटर झिरपू लागला की निर्दोष कळही करकरते. ही मोजमापे करताना आत चारशेहून अधिक व्होल्टांचा दाब असतो आणि विजेचा प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरांत साठून राहतो; रेझिस्टरमार्फत तो उतरवून मीटरवर शून्य दिसेपर्यंत आत हात घालणे प्राणघातक ठरू शकते.

एक शक्यता मात्र टेबलावर कधीच दिसत नाही. पेटी लाउडस्पीकरच्याच खोक्यात तळाशी असते, आतला स्प्रिंगांचा साचा चार लहान स्प्रिंगांवर तरंगता ठेवलेला असतो, आणि त्यांपैकी एक निसटून साचा पत्र्याला टेकला, की मोठ्या आवाजात वाजवतानाच खडखडाट होतो. त्यासाठी पेटी लांब केबलांनी खोक्याबाहेर काढून खुर्चीवर ठेवावी आणि अ‍ॅम्प्लिफायर नेहमीच्या आवाजात वाजवून पाहावा. ती परत बसवताना निर्गम-कॉइलचे टोक मुख्य ट्रान्सफॉर्मरपासून दूरच्या बाजूला ठेवावे. अन्यथा गेलेल्या खरखरीच्या जागी विजेची सलग गुणगुण येऊन बसते.