समसमान वाटणी मोडते तेव्हा

मीरा रोडहून दुबईला व्हिडिओ कॉल लावला की आपला आवाज आणि चेहरा प्रकाशाच्या स्पंदांवर स्वार होऊन समुद्राखालच्या केबलमधून जातो. त्या केबलमधला काचतंतू जेमतेम १२५ मायक्रॉन जाडीचा. असा तंतू आपल्याकडे वाळूजमध्येही बनतो. काच कितीही शुद्ध असो, एक अडचण उरतेच. प्रत्येक स्पंदात अनेक तरंगलांबींचा प्रकाश असतो आणि काचेत प्रत्येकीचा वेग निराळा. म्हणून स्पंद वाटेत पसरतो आणि शेजारच्या स्पंदात मिसळतो. हे अपस्करण.

यावरचा उतारा काचेतच आहे. प्रकाश तीव्र झाला की काचेचा अपवर्तनांक किंचित वाढतो. हा केर परिणाम. त्यामुळे स्पंदाच्या पुढच्या भागाची तरंगलांबी जराशी वाढते, मागच्या भागाची घटते. दूरसंचारात वापरल्या जाणाऱ्या १५५० नॅनोमीटरच्या आसपास लहान तरंगलांबी वेगाने धावते. साहजिकच शेपूट पुढे सरकते, डोके मागे रेंगाळते आणि पसरणे थांबते. असा न पसरणारा स्पंद म्हणजे प्रकाशीय सॉलिटॉन. १९७३ मध्ये बेल लॅबमधल्या अकिरा हासेगावा आणि फ्रेडरिक टॅपर्ट यांनी तो गणिताने दाखवला. १९८० मध्ये तिथेच मोलेनॉर, स्टोलेन आणि गॉर्डन यांनी प्रत्यक्ष तंतूत.

सॉलिटॉन चिवट असतो. थोडा धक्का बसला तर जादा ऊर्जा बाहेर टाकून तो पुन्हा आकारावर येतो. मात्र हे तंतूपुरते. काचेच्या ठोकळ्यात तीव्र शलाका आपणहून एकवटत जाते आणि ठरावीक शक्तीपलीकडे कोसळते. आजच्या केबलही सॉलिटॉनवर चालत नाहीत. अपस्करणाचा हिशेब पलीकडच्या टोकाची डिजिटल चिप चुकता करते.

खरी गंमत प्रकाश वाहून नेणारे दोन अगदी सारखे गाभे शेजारी असलेल्या तंतूत आहे. भाईंदर स्थानकात पुलाला दोन सारखे जिने असले, तर तुरळक प्रवासी दोन्हीकडे वाटले जातात. गर्दीत मात्र लोक लोकांच्या मागे निघाले की एका जिन्यावर झुंबड उडते आणि दुसरा मोकळा राहतो. कमी शक्तीचा प्रकाशही दोन्ही गाभ्यांत सारखा राहू शकतो. शक्तीने उंबरठा ओलांडला, की एका गाभ्यात योगायोगाने आलेला किंचित जादा प्रकाश तिथला अपवर्तनांक वाढवतो, दोन गाभ्यांचा मेळ बिघडतो आणि बहुतेक प्रकाश तिथेच अडकतो. हाच सममितिभंग.

२०२१ मध्ये ऑकलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह असाच सममितिभंग काचतंतूच्या कड्यात दाखवला. तिथे निवड गाभ्यांची नसून प्रकाशाच्या दोन ध्रुवणांची, म्हणजे कंपनाच्या दोन प्रकारांची होती. दोन्हींना सारखीच ऊर्जा दिली, तरी सॉलिटॉन एकाकडे झुकतो. कुणाकडे, हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच यादृच्छिक अंक निर्माण करायला असा सममितिभंग उपयोगी पडू शकतो.

सममितिभंग झाला तरी सममित, म्हणजे समसमान वाटणीचे, उत्तर प्रकाशाच्या समीकरणातून नाहीसे होत नाही. ते कागदावर अचूकच असते, पण बारीकशा धक्क्यानेही ढळते. समीकरणाला उत्तर असणे आणि ते उत्तर निसर्गात टिकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.