पोलिसांचा वायरलेस आपल्या रेडिओवर का लागत नाही?

जून २०१७ मध्ये शेतकरी संपाची हाक पुणतांब्यातून दिली गेली आणि गोदाकाठचे हे गाव राज्यभर माहीत झाले. अशा दिवसांत गावात पोलिसांच्या गाड्या उभ्या राहतात. वायरलेसची खरखर आणि तुटक वाक्ये कानांवर पडतात. मग एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, 'सर, हे आपल्या रेडिओवर का लागत नाही? त्यासाठी स्कॅनर मिळतो म्हणे. कोणता घ्यायचा?' या प्रश्नात भौतिकशास्त्र पुष्कळ आहे आणि एक धोकाही आहे.

पहिले उत्तर कंप्रतेचे. आपला एफएम रेडिओ ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झपर्यंतच ऐकतो. पोलिसांचे व्हीएचएफ संच सर्वसाधारणपणे १३६ ते १७४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. १५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी २ मीटर, तिचा चौथा भाग ५० सेंटीमीटर. अशा संचाच्या गाडीवरची अँटेना बहुधा हातभर का असते, हे यावरून कळेल.

हा पट्टा आपल्या रेडिओच्या बाहेर असणे ही मात्र निसर्गाची योजना नव्हे. अमेरिकेतील डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गाड्यांना नियमित बिनतारी संदेश द्यायला सुरुवात केली, तेव्हा ते घरातल्या साध्या रेडिओवरही लागत. चोरांनाही ऐकू येत असणारच!

स्कॅनर म्हणजे जादूचे यंत्र नव्हे. मोबाइलमधल्या किंवा गाडीतल्या एफएम रेडिओचे 'सीक' बटण दाबले की आकडे पळतात आणि जिथे जोरदार लहर सापडते तिथे थांबतात. स्कॅनर हेच करतो, पण जास्त रुंद पट्ट्यात आणि फार वेगाने. आत एक आंदोलक असतो. त्याची कंप्रता पायरीपायरीने बदलत जाते, तसतशी वेगवेगळी लहर ऐकली जाते. लहर नसेल तेव्हा खरखर बंद ठेवणाऱ्या मंडलाला 'स्क्वेल्च' म्हणतात. ते गप्प असेपर्यंत स्कॅनर पुढे सरकत राहतो.

विकत घेताना लोक किती चॅनेल साठवता येतात ते पाहतात. आमच्या मते अँटेनाची उंची त्याहून महत्त्वाची. व्हीएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून पृथ्वीची गोलाई आड येते. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा, ४.१ ने गुणा. तिचे क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते मिळेल. समजा पोलीस ठाण्याचा मनोरा २५ मीटर उंच आहे. त्याचे क्षितिज सुमारे २० किलोमीटर. तुम्ही ९ मीटर उंच गच्चीवर असाल तर तुमचे १२. दोन्हींची बेरीज ३२. जमिनीवर संच हातात धरला, म्हणजे दीड मीटरवर, तर बेरीज २५ च्या आसपास. सपाट मुलखातले हे गणित आहे. मध्ये टेकडी आली की ते मोडते. पुणतांब्याहून शिर्डी पंधरा-वीस किलोमीटरवर, तेव्हा हिशेब करून पाहाच.

पण उंच अँटेनाही जिथे हात टेकते, अशी एक गोष्ट आहे. संदेश अंकीय करून सांकेतिक किल्लीने बंद केला, तर महागातल्या महाग स्कॅनरमधूनही फक्त गुरगुर येते. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३ पासून आपली चॅनेल अशी बंद करायला घेतली. त्याआधी तिथले पत्रकार स्कॅनर ऐकूनच घटनास्थळी धावत, त्यामुळे त्यावर बराच वाद झाला.

आपल्याकडे हा वाद तितका पुढे जात नाही, कारण कायदा वेगळा आहे. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगण्याला १९३३ च्या कायद्यानेच मनाई केली होती. दूरसंचार अधिनियम २०२३ चे कलम ४२ हे २६ जून २०२४ पासून लागू आहे. दुसऱ्याचा संदेश बेकायदा पकडल्यास त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. 'नुसते ऐकले, बोललो कुठे?' ही सबब चालणार नाही. शिवाय वायरलेसवर अपघातग्रस्ताचे किंवा तक्रार करणाऱ्या बाईचे नाव-गाव उच्चारले जाते. ते गावभर होणे योग्य नाही. तेव्हा विज्ञान प्रदर्शनासाठी पोलीस चॅनेलचा प्रकल्प कोणी सुचवला, तर शिक्षकांनी तो स्पष्टपणे नाकारावा.

ज्यांना खरेच लहरींशी खेळायचे आहे त्यांच्यासाठी हौशी रेडिओची सरकारी परीक्षा आहे. उत्तीर्ण होऊन परवाना घेतला की १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे पोलिसांच्या शेजारचाच, उघडपणे वापरता येतो.

परवान्याची वाट न पाहता वर्गात करण्याजोगे काही सांगतो. खिशातला एफएम रेडिओ घ्या. सीक बटणाने वर्गात किती केंद्रे थांबतात ते मोजा, मग गच्चीवर जाऊन मोजा. अँटेना पूर्ण उघडून आणि अर्धी मिटवून पुन्हा मोजा. नंतर चालू रेडिओ पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावा. आवाज खरखरीत बुडतो का? आता झाकण थोडे थोडे उघडत जा. किती फट झाल्यावर केंद्र परत लागले, ते पट्टीने मोजा, आणि त्या आकड्याची एफएमच्या तीन मीटर लहरीशी तुलना करून मुलांना कारण विचारा.