तुरुंगाची घरपट्टी

तुरुंगाला घरपट्टी किती बसेल? प्रश्न विचित्र वाटतो, पण अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात त्याचं उत्तर खरोखरच काढलं जातं. तिथल्या गावांचा कारभार मुख्यतः मालमत्ता करावर चालतो; शाळा, रस्ते, अग्निशामक बंब सगळं त्यातूनच. सॉमर्स, एनफिल्ड, चेशायर अशा गावांत राज्य सरकारचे मोठे तुरुंग उभे राहिले. सरकारी मालमत्तेला कर माफ असल्यामुळे गावाची जमीन अडकली आणि उत्पन्नही बुडालं.

म्हणून तिथं कराऐवजी अनुदान मिळतं. ही मालमत्ता खासगी असती तर किती कर आला असता, याचा हिशेब मांडायचा आणि त्यातला ठरलेला वाटा राज्यानं गावाला द्यायचा. साध्या सरकारी इमारतींसाठी कायद्यानं धरलेला वाटा अनेक वर्षं ४५ टक्के होता. तुरुंगासाठी मात्र पूर्ण १०० टक्के! तुरुंग कुणालाच शेजारी नको असतो, याची एवढी रोखठोक कबुली मी दुसऱ्या कुठल्या कायद्यात पाहिलेली नाही. तिजोरीत खडखडाट असला की या रकमेलाही कात्री लागते, ते वेगळं.

पण तुरुंग गावाला नुसता नुकसानीतच टाकतो असंही नाही. अमेरिकेची जनगणना कैद्याला तो जिथं कोंडलेला आहे तिथलाच रहिवासी धरते, आणि प्रभाग आखले जातात ते याच लोकसंख्येवरून. त्यातून काय घडू शकतं, हे आयोवा राज्यातल्या ॲनामोसा या गावात दिसलं. इथला चुनखडीचा भव्य तुरुंग एकोणिसाव्या शतकात कैद्यांनीच बांधला. गावाच्या एका प्रभागाची लोकसंख्या होती सुमारे १,४००, आणि त्यातले सुमारे १,३०० जण गजाआड! त्यांना मताचा अधिकार नाही. २००५ साली तिथं कुणी उमेदवारी अर्जच भरला नाही. मतपत्रिकेवर हातानं नाव लिहिण्याची तिथं मुभा असते. तसं दोघांनी एकाच माणसाचं नाव लिहिलं आणि तो नगरसेवक झाला. दोन मतांत! शेजारच्या प्रभागात तेवढ्याच वजनाच्या जागेसाठी शेकडो खरे मतदार होते. पुढे गावानं प्रभाग पद्धतच मोडीत काढली.

हा अन्याय मेरिलँड राज्यानं २०१० साली कायदा करून दूर केला. मतदारसंघ आखताना कैद्याला त्याच्या मूळ पत्त्यावर मोजायचं, असं ठरलं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानंही तो कायदा उचलून धरला. कनेक्टिकटनं २०२१ मध्ये तीच वाट धरली. माझ्या मते हेच रास्त आहे: बंबाचा आणि रस्त्याचा खर्च तुरुंगाच्या गावाला रोख मिळावा, पण माणसाची मोजदाद त्याच्या घरच्या पत्त्यावरच व्हावी.

मेन आणि व्हरमाँट या दोन राज्यांत तर कैद्यांना मतदानाचा हक्कही आहे. ते मत तुरुंगाच्या गावात पडत नाही. तुरुंगात येण्यापूर्वी कैदी जिथं राहत होता, त्या गावाला ते टपालानं जातं.