साखरेचा रकाना

मे २०२१ मध्ये चिटगुप्प्यात आमच्या धाकट्या काकांना करोना झाला. दवाखान्यात खाट मिळणं कठीण होतं, म्हणून उपचार घरीच सुरू झाले. मी पुण्यात अडकलेलो. इंजिनिअर माणूस दुसरं काय करणार? एक ऑनलाइन तक्ता बनवला. त्यात तारीख, वेळ, ताप, नाडी आणि ऑक्सिजन असे रकाने होते. चुलतभाऊ दर चार तासांनी आकडे भरायचा आणि मी इकडून बघायचो. ऑक्सिजन कायम ९५-९६. आम्ही सगळे निर्धास्त.

काकांना बारा वर्षांपासून मधुमेह होता. पण माझ्या तक्त्यात साखरेचा रकानाच नव्हता.

चिठ्ठीत पाच दिवसांची स्टेरॉइडची गोळी होती. ती घेतली की काकांना तरतरी यायची, भूक लागायची. "बरं वाटतंय तर राहू दे" म्हणत आम्ही ती तीन आठवडे चालवली. त्यात कुणा परक्याचा दोष नव्हता, निर्णय घरातलाच होता.

मग वरची दाढ दुखू लागली. नाकाची डावी बाजू चोंदली. आम्ही लवंग सुचवली, वाफ सुचवली. एके रात्री काकूंचा फोन आला. "तोंडाची डावी बाजू बधिर झालीय म्हणतात रे. डोळाही सुजलाय. हे काही दाढेचं दुखणं नव्हे." दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी जहीराबादमार्गे हैदराबादला निघाली. तिथे साखर ४००च्या वर निघाली आणि नाकातल्या नमुन्याच्या तपासणीत म्युकरमायकोसिस.

त्या उन्हाळ्यात हाच आजार 'काळी बुरशी' या नावाने घरोघरी पोचला. नाव फसवं आहे. ही बुरशी स्वतः काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत घुसते, तिथे गुठळ्या होतात, पुढच्या भागाचं रक्त तुटतं आणि तो भाग मरून काळा पडतो. म्हणूनच नुसत्या औषधाने भागत नाही. जिथे रक्तच पोचत नाही, तिथे औषध कसं पोचणार? मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढावाच लागतो, आणि तोही लवकर, कारण सायनसमधून डोळा आणि डोळ्यामागून मेंदू हा तिचा ठरलेला रस्ता.

या बुरशीचे बीजाणू माती, शेणखत, कुजका पाला, शिळी भाकरी अशा सगळ्या ठिकाणी असतात. आपण ते रोज श्वासातून घेतो आणि शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्यांना गुपचूप संपवतात. साखर फार वाढली की या पेशी सुस्तावतात. स्टेरॉइड त्यांना आणखी दाबतं आणि साखरही वाढवतं. रक्त आम्लधर्मी झालं की एरवी प्रथिनांनी धरून ठेवलेलं लोह मोकळं होतं, आणि लोह तर या बुरशीचं आवडतं खाद्य. म्हणजे दार आपणच उघडलं आणि ताटही आपणच वाढलं.

२८ जून २०२१ रोजी केंद्र सरकारने देशभरातले ४०,८४५ रुग्ण आणि ३,१२९ मृत्यू जाहीर केले. त्या रुग्णांपैकी सुमारे ६४ टक्क्यांना मधुमेह होता आणि निम्म्याहून अधिक जणांना स्टेरॉइड दिलेलं होतं. स्टेरॉइड हे काही विष नव्हे. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीने जून २०२० मध्येच दाखवलं होतं की डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. पण ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना त्याचा फायदा होत नाही, हेही त्याच चाचणीत होतं. काकांचा ऑक्सिजन ९६ होता. तो आकडा रोज माझ्या डोळ्यांसमोर होता.

औषध होतं अँफोटेरिसिन बी. १९५०च्या दशकात व्हेनेझुएलाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून ते मिळालं. एका मातीतल्या जिवाचा इलाज दुसऱ्या मातीतला जीव! जुन्या स्वरूपात ते मूत्रपिंडाला जड जातं, म्हणून लिपोसोमल इंजेक्शन वापरतात. मे महिन्यात त्याचा इतका तुटवडा होता की एकेका कुपीसाठी आम्ही सोलापूरपासून बेंगळुरूपर्यंत फोन केले. त्याच महिन्याच्या अखेरीस वर्ध्याच्या एका कंपनीत त्याचं उत्पादन सुरू झालं, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

काकांचा डोळा वाचला. वरच्या जबड्याचा डावा भाग आणि त्यावरचे दात गेले. आता टाळूला प्लेट लावून जेवतात, बोलतात. ज्वारीची कडक भाकरी सुटली, दुधात कुस्करलेली चालते.

करोनाची लाट ओसरली, पण हा विषय संपलेला नाही. रक्ताच्या कर्करोगाचे, अवयव प्रत्यारोपण झालेले आणि अतिदक्षता विभागात फार दिवस राहिलेले रुग्ण आजही बुरशीच्या विळख्यात सापडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, त्यात १९ नावं आहेत. त्यातली कँडिडा ऑरिस २००९ साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात प्रथम सापडली. तिच्यावर अनेक औषधं चालत नाहीत आणि ती रुग्णालयात एकाकडून दुसऱ्याकडे पसरते. म्युकर मात्र माणसाकडून माणसाला होत नाही. त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकायचं काही कारण नाही. कांद्यावरच्या काळ्या बुरशीने हा आजार होतो, हा तेव्हाचा निरोपही खोटाच होता.

आपल्यापैकी बरेच जण पुण्या-मुंबईत, हैदराबादेत किंवा परदेशात आहेत आणि आईवडील गावी. त्यांचं दुखणं आपण फोनवरून सांभाळतो. म्हणून एवढंच सांगतो. घरात साखर मोजायचं यंत्र ठेवा आणि कुठल्याही आजारपणात ते वापरा. स्टेरॉइड लिहून दिलं तर ते कधी सुरू करायचं आणि कधी थांबवायचं, हे डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा. मनाने लांबवू नका आणि जुनं चालू असेल तर मनाने बंदही करू नका. मधुमेही माणसाच्या गालाला बधिरपणा आला, एका बाजूचं नाक चोंदून काळपट स्राव आला, वरचे दात हलू लागले, डोळा सुजला किंवा दोन-दोन दिसू लागलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा.

आणि घरात बसून रोज तोंड बघणाऱ्या माणसाचं ऐका. माझ्या तक्त्यात जे दिसलं नाही, ते काकूंना दिसलं.

तो तक्ता मी अजून ठेवलाय. आता काका स्वतः त्यात आकडे भरतात. पहिला रकाना साखरेचा आहे.