गुग्गुळ, शमी आणि सौरऊर्जा : एका उपायाची चिकित्सा

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाची मीमांसा करताना वायू, उदक, देश आणि काल या चार भावांची विकृती वर्णिलेली आहे. त्याच अध्यायात भगवान आत्रेय अग्निवेशास सांगतात, की भूमी विरस होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करावा. २०२४ हे नोंदी ठेवण्यास आरंभ झाल्यापासूनचे सर्वाधिक उष्ण वर्ष ठरले. अशा काळात हा उपदेश आम्हां वैद्यांनी व औषधनिर्मात्यांनी पुन्हा एकदा वाचावयास हवा.

निदानपरिवर्जन ही संक्षेपाने चिकित्सा होय. तापमानवाढीचे प्रमुख निदान म्हणजे कोळसा व खनिज तेल यांचे ज्वलन. त्याचे परिवर्जन करावयाचे तर सूर्य व वारा यांपासून वीज मिळविणे क्रमप्राप्त आहे. भारताने २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगरजीवाश्म वीजक्षमतेचे उद्दिष्ट जाहीर केले. हा उपाय योग्यच आहे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु एक व्याधी शमवून दुसरा उत्पन्न करणारा प्रयोग शुद्ध नव्हे, हीही चरकाचार्यांचीच शिकवण आहे.

मरुभूमी ओसाड नव्हे

सौरप्रकल्पांना विस्तीर्ण भूमी लागते. फलोदी जिल्ह्यातील भडला येथील २,२४५ मेगावॅटचा प्रकल्प सुमारे ५,७०० हेक्टरांवर पसरला आहे. शासकीय दप्तरी 'पडीक' म्हणून नोंदलेली भूमी अशा कामी प्रथम दिली जाते. आमच्या दृष्टीने मात्र तो जांगल देश आहे. खेजडी म्हणजे आपली शमी. ती तेथील पशूंना चारा व शेतास सकसता देते. तिच्या रक्षणार्थ १७३० मध्ये खेजडली गावी ३६३ बिष्णोईंनी प्राण वेचले. १९८३ पासून ती राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. तरीही सौरप्रकल्पांसाठी होणाऱ्या तिच्या तोडीविरुद्ध बिकानेर परिसरातील लोकांना अलीकडे आंदोलन करावे लागले.

गुग्गुळाची स्थिती याहून बिकट आहे. राजस्थान व गुजरातच्या खडकाळ, रुक्ष भूमीत वाढणारे हे झुडूप सावकाश वाढते. अतिरिक्त चिरा पाडल्याने निर्यास देऊन ते मरून जाते. आंतरराष्ट्रीय सूचीत आज ते अतिसंकटग्रस्त गणले जाते. मे २०२५ पासून पाकिस्तानातून होणारी सर्व आयात बंद झाल्याने तिकडून येणारा गुग्गुळही थांबला. योगराज, त्रिफळा, कांचनार आदी गुग्गुळकल्प बनविणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. देवाच्या नावे राखलेल्या ओरणांत अशा वनस्पतींना आश्रय मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थानातील ओरणांचे सर्वेक्षण करून त्यांना वनाचा दर्जा देण्याचे निर्देश दिले, हे शुभचिन्ह होय.

युक्तिव्यपाश्रय मार्ग

ऊर्जा की औषधी, असा प्रश्न मांडणे आम्हांस मान्य नाही. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र अनुसंधान संस्थेने सौरपट्ट्यांच्या ओळींमधील मोकळ्या जागेत कोरफड, सोनामुखी, शंखपुष्पी यांच्या लागवडीचे प्रयोग केले आहेत. पट्ट्यांवरून वाहणारे पावसाचे पाणीही तेथे साठविले जाते. अर्थात पट्ट्यांत अंतर ठेवल्यास तेवढ्याच वीजनिर्मितीस अधिक भूमी लागते, आणि छायेत वाढलेल्या द्रव्याचा गुण परीक्षेनेच ठरवावा लागेल.

आमच्या फार्मसींच्या छतांना मात्र नवी भूमी नको. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ पासून ७३ सौर परावर्तकांच्या वाफेवर अन्न शिजविण्याची योजना उभी राहिली. क्वाथासही वाफच लागते. येथे अडचण आहे ती पावसाळ्याची आणि रात्रभर चालणाऱ्या पाकाची. तेथे जुनी भट्टी जोडीस ठेवावी लागेल. सौर वाळवणीत सुगंधी द्रव्यांचे तेल उडू नये, यासाठी ती छायेत व मंद उष्णतेवरच सुकवावीत.

सभासद बंधुभगिनींस आमची विनंती आहे, की गुग्गुळ घेताना तो लागवडीचा की जंगलातील, हे व्यापाऱ्यास विचारावे व बिलावर लिहून घ्यावे. लागवड करणाऱ्या शेतकऱ्यास पीक हाती येईपर्यंत अनेक वर्षे थांबावे लागते. फार्मसीने आगाऊ खरेदीचा करार केल्याविना तो हे धाडस करणार नाही. द्रव्य हा चिकित्सेचा एक पाद आहे. तो पाद राखण्याचे दायित्व भिषक् म्हणून आमचेच आहे.